छप्पर पुन्हा घालण्याआधी

वादळ ओसरलं की शाळेच्या आवारात सगळ्यात आधी साफसफाई सुरू होते. मदतीला धावून आलेल्या माणसांना थांबवणं जिवावर येतं. तरी माझं आग्रहाचं सांगणं आहे: वीज तोडा, लोंबकळणारे पत्रे उतरवा, आणि बाकीच्या ढिगाऱ्याला हात लावण्याआधी तो नीट बघा, फोटो काढा. छप्पर का गेलं याचा सगळा पुरावा तिथेच पडलेला असतो. भंगाराची गाडी भरली की तो गेला.

काय बघायचं? पत्र्याची भोकं. भोक फाटून लांबट झालं असेल, तर वॉशर (बोल्टखालची चकती) लहान होता किंवा पत्रा पातळ होता, आणि तो बोल्टवरून उपसून निघाला. भोक शाबूत आहे, पण जे-हुक, म्हणजे पत्रा खालच्या आडव्या वाशाला पकडणारा वाकडा बोल्ट, सरळ झालाय किंवा गंजून तुटलाय, तर दोष हुकाचा. पत्रे आपल्या जागी घट्ट आहेत आणि कैचीच (छपराचा त्रिकोणी सांगाडा) भिंतीवरून उचलली गेलीय, तर तिला भिंतीत धरून ठेवणारे अँकर बोल्ट अपुरे होते. कधी कधी तर ते नसतातच! तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सरसकट ‘जाड पत्रे टाकू’ म्हटल्याने तिसरा दोष जात नाही, उलट तो झाकला जातो.

वारा छप्पर ढकलून पाडतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा ते वर ओढतो. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब घटतो, आणि कडांना, कोपऱ्यांना, आढ्यापाशी ही ओढ सर्वांत जोरकस असते. त्यात वाऱ्याकडची खिडकी फुटली, की आत शिरलेली हवा खालून रेटा देते. व्हरांड्याची वळचण आधी उडते ती यामुळेच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हेही विसरू नका. शिवाय वर्गखोल्या लांबरुंद, मधल्या भिंती कमी, म्हणून छपराला धरून ठेवणारा आधारही कमी. सभागृहाचं तर विचारूच नका.

आता खरी अडचण. हे सगळं तपासून नीट बांधायला वेळ लागतो, आणि मुलांकडे तेवढा वेळ नसतो. वर्ग बंद पडले की पालक, शिक्षक, अधिकारी सगळ्यांचा एकच धोशा: कसंही करून पत्रे टाका. मग तेच हुक, तेच वॉशर, तेवढ्याच अंतरावर. यातून सुटायचा मला एकच मार्ग दिसतो. शिकवण्याचं काम इमारतीच्या कामापासून वेगळं करायचं.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरावर २२ मे २०११ रोजी अतितीव्र टॉर्नेडो आदळला. दीडशेहून अधिक माणसं गेली, हायस्कूल उद्ध्वस्त झालं. रविवार होता, म्हणून वर्ग रिकामे होते. तिथल्या शिक्षणप्रमुखांनी काही दिवसांतच जाहीर केलं, की शाळा ठरल्या वेळीच, १७ ऑगस्टला सुरू होतील. आणि झाल्या. अकरावी-बारावीचे वर्ग एका मॉलमधल्या रिकाम्या दुकानाच्या जागेत भरले. हायस्कूलची नवी इमारत उघडली ती २०१४मध्ये. मला यातली तारीख फार मोलाची वाटते. ती आधी ठरली, जागा नंतर शोधली. आपण नेमकं उलटं करतो.

तात्पुरत्या जागेत बाकं नसली तरी चालतात. पण शिक्षक तेच हवेत, सोबती तेच हवेत आणि रोजची वेळ पक्की हवी. वाऱ्याच्या आवाजाने दचकणाऱ्या मुलाला याचा आधार वाटतो.

इमारत शाबूत राहिली तरी प्रश्न सुटत नाही, कारण तिथे बेघर झालेली कुटुंबं येऊन राहतात. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळानंतर किनारपट्टीवर उभारलेल्या अनेक निवारा केंद्रांत एरवी शाळा भरतात. ही सोय अतिशय चांगली आहे. मात्र कुटुंबांची पुढची व्यवस्था कुठे आणि कधी, हे त्याच आठवड्यात ठरायला हवं. त्यांना हुसकावून वर्ग भरवणं मला मान्य नाही.

पक्कं काम सुरू होईल तेव्हा कडांना आणि कोपऱ्यांना हुक जास्त जवळजवळ बसवायचे, हे कंत्राटातच लिहून घ्या. आणि बिल मंजूर करण्याआधी जाणत्या माणसाला शिडी लावून वर पाठवा. खालून वॉशर दिसत नाहीत.