वू लेई: चेंडू यायच्या आधीची धाव

यांगत्से नदी समुद्राला मिळते तिथे चोंगमिंग नावाचं गाळाचं मोठं बेट आहे. नकाशात ते शांघायमध्येच मोडतं, पण शहराचा झगमगाट इथून लांब. चीनच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक शू गेनबाओ यांनी 2000 साली इथे फुटबॉल अकादमी काढली. पोरं तिथेच राहायची, शिकायची आणि रोज मैदानावर घाम गाळायची. त्यांत नानजिंगहून आलेला, अंगाने किरकोळ असा एक मुलगा होता: वू लेई.

2 सप्टेंबर 2006. अकादमीचा क्लब शांघाय ईस्ट एशिया (आजचा शांघाय पोर्ट) याच्याकडून तो तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरला. वय, 14 वर्षं 287 दिवस. चीनच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये इतक्या लहान वयात तोवर कुणीही खेळलं नव्हतं. अकादमीतल्या या सवंगड्यांनीच पुढे क्लबला एकेक पायरी वर नेलं आणि 2013 मध्ये संघ चायनीज सुपर लीग या देशातल्या अव्वल श्रेणीत दाखल झाला.

विंगर, म्हणजे बगलेवरून चढाई करणारा खेळाडू, म्हटलं की चेंडू पायाला चिकटवून दोघातिघांना चकवणारा कुणी डोळ्यांसमोर येतो. वू लेई तसा नाही. त्याचा खेळ बघायचा तर चेंडूवरची नजर काढून त्याच्यावर ठेवावी लागते. उजव्या बगलेला तो शांत उभा असतो. बचावपटूची मान चेंडूकडे वळली रे वळली, की हा त्याच्या पाठीमागून सुटलाच! ऑफसाइडची रेषा (पास सुटण्याआधी जिच्या पुढे जाता येत नाही ती शेवटच्या बचावपटूची ओळ) आणि पासची वेळ, दोन्ही त्याला अचूक कळतात.

त्या काळात चिनी क्लब परदेशी खेळाडूंवर पैशांचा पाऊस पाडत होते. गोल करायच्या जागा बहुतेक त्यांच्याकडेच जायच्या आणि देशी आघाडीवीर बाकावर बसायचे. वू लेईच्या संघातही हल्क आणि ऑस्कर हे ब्राझीलचे मोठे खेळाडू आले. त्यांच्यासोबत खेळून त्याने 2018 च्या मोसमात 27 गोल केले. 2007 नंतर प्रथमच एक चिनी खेळाडू लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्याच वर्षी त्याच्या संघाने लीग जिंकली आणि ग्वांगझू एव्हरग्रांड क्लबची सलग सात विजेतेपदांची मालिकाही तुटली.

जानेवारी 2019. आशियाई चषकात, खांदा दुखावलेला असताना, त्याने फिलिपिन्सविरुद्ध दोन गोल केले. त्याच महिन्यात तो स्पेनच्या एस्पान्योल क्लबकडे गेला. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. आम्हाला मनापासून वाटतं, ही संधी त्याला फार उशिरा मिळाली. तरीही 2 मार्चला वाय्यादोलिदविरुद्ध त्याने गोल केला. ला लिगा या स्पेनच्या अव्वल लीगमध्ये चिनी खेळाडूचा तो पहिलाच गोल.

आता हा क्षण पाहा. 4 जानेवारी 2020, एकाच शहरातल्या बार्सिलोना क्लबविरुद्धची लढत. एस्पान्योल 1-2 ने मागे, 88 वं मिनिट. बदली म्हणून आलेला वू लेई दोन बचावपटूंमधल्या फटीतून धावत सुटतो, पास नेमका त्याच्यापुढे पडतो. पुढच्याच क्षणी जमिनीलगतचा तिरका फटका, आणि गोलरक्षक नेटोने झेप घेऊनही चेंडू लांबच्या खांबाकडून जाळ्यात. 2-2. चोंगमिंगला घोटलेली तीच धाव.

तो मोसम मात्र क्लबला जड गेला. एस्पान्योल दुसऱ्या श्रेणीत घसरला, वर्षभराने परतला, पण वू लेईला मैदानावर मिळणारी मिनिटं आटत गेली. ऑगस्ट 2022 मध्ये तो शांघायला, आपल्या जुन्या क्लबकडे परत आला.

जानेवारी 2024 मध्ये कतारला चीनचा संघ आशियाई चषकाच्या तीन सामन्यांत एकही गोल न करता बाहेर पडला. लेबनॉनविरुद्ध वू लेईने मारलेला चेंडू गोलरेषेवरून परतवला गेला. घरी टीकेची झोड उठली आणि त्यातला मोठा वाटा त्याच्या पदरी पडला.

मार्चमध्ये लीग सुरू झाली. नोव्हेंबरपर्यंत त्याच्या नावावर 34 गोल जमा होते. इस्रायलचा आघाडीवीर एरान झहावी याचा एका मोसमातल्या 29 गोलांचा लीग विक्रम मागे पडला होता आणि शांघाय पोर्टने लीग आणि चीनचा एफए चषक (बाद पद्धतीची स्पर्धा) दोन्ही जिंकले होते.