पदवी वर्गात, परीक्षा रविवारी

[दृश्य: सकाळचा ग्रीकचा वर्ग. फळ्यावर क्रियापदांचा तक्ता, विद्यार्थी मोठ्यानं रूपं म्हणताहेत.]

काम करायचंय मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या तरुणांमध्ये, मग ग्रीक कशाला? ख्रिस्ती सेवेची पदवी घ्यायला आलेल्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न दरवर्षी निघतो. त्याचं उत्तर दुपारच्या तासाला मिळतं.

उतारा आहे बायबलच्या नव्या करारातला, मूळ ग्रीकमधला: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20. त्रोवस गावात माडीवर मंडळी जमली आहे. प्रेषित पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलंय, खोलीत पुष्कळ दिवे आहेत, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. मंडळीच्या तरुण संघात हा उतारा निघाला की बोध ठरलेला: उपासनेत पेंगू नका. इथे मात्र आधी वाक्यं सुटी करायची, कोण काय करतंय ते लिहून काढायचं. मग दिसतं की पौल बोलणं थांबवून खाली उतरतो, मुलाला कवटाळतो, तो जिवंत आहे असं सांगतो. पुढे भाकर मोडली जाते, पहाटेपर्यंत संभाषण चालतं, मुलाला सुखरूप नेतात. त्याला कुणी रागावल्याचा उल्लेख अख्ख्या उताऱ्यात नाही. भाषेची ही शिस्त नसेल, तर आपल्या मनातला उपदेश आपण वचनाच्या तोंडी घालतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या ते बरोबर लक्षात येतं.

[दृश्य: पुण्याच्या बिबवेवाडीतलं आवार, ग्रंथालय. त्यानंतर जुनी छायाचित्रं.]

युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्यात आली. इथली बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ही पदवी सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटची. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी बंगालमध्ये सेरामपूर गावी 1818 साली ते महाविद्यालय काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून पदव्या देण्याची सनद मिळाली ती डेन्मार्कच्या राजाकडून, 1827 मध्ये. मराठी माणसाचा या गावाशी संबंध त्याहूनही जुना: कॅरीचं मराठी व्याकरण 1805 चं, आणि सेरामपूरला छापलेला मराठी नवा करार 1811 चा.

पदवीधराला बी.डी.साठी चार वर्षं लागतात. जुना करार, नवा करार, धर्मविज्ञान, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, आणि सेवाकार्य. तरुणांचं काम या शेवटच्या शाखेत येतं: ख्रिस्ती शिक्षण, उपदेशशास्त्र, पाळकीय समुपदेशन. आमच्या मते ते एवढ्यावर भागत नाही. गिटार वाजवता येणारा उत्साही मुलगा गाठून त्याच्या गळ्यात तरुण संघ घालायचा, ही आपल्या मंडळ्यांची जुनी सवय, आणि ती मोडायची तर अभ्यासक्रमात तरुणांच्या कामाला मानाचं पान हवं.

[दृश्य: रविवार. विद्यार्थी बसमधून उतरून एका मंडळीच्या सभागृहात शिरतात. पेटी, तबला, गिटार.]

शनिवार-रविवार प्रात्यक्षिक. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मंडळी नेमून दिलेली असते, आणि तिथले पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, त्याच्या कामावर शेरा लिहितात.

सभा दीड तासाची. पंधरा मिनिटं स्वागत आणि खेळ, वीस मिनिटं गीतं, वीस मिनिटं बोध, पंचवीस मिनिटं गटचर्चा, दहा मिनिटं प्रार्थना आणि सूचना. कागदावर बेत चोख, पण हमखास बिघडतो तो गीतांपाशी. वाद्यं जुळवण्यात दहा मिनिटं जातात, आणखी एक गीत घ्या असा आग्रह होतो, आणि कात्री लागते ती गटचर्चेला. खरं तर मुलं बोलतात ती तिथेच. म्हणून वाद्यं सभेआधी अर्धा तास जुळवायची, गीतं चारच ठरवायची, आणि गटांची नावं दारातच सांगून टाकायची.

[दृश्य जवळून: सात मुलांचा गट जमिनीवर गोल करून. विद्यार्थिनीच्या हातात तीन प्रश्नांची चिठ्ठी.]

गट सहा ते आठ जणांचा. त्याहून मोठा झाला की दोघेच बोलतात. पहिला प्रश्न उताऱ्यात काय घडलं याचा, दुसरा असं का घडलं याचा, तिसरा आपल्या घरा-कॉलेजातला. हो किंवा नाही एवढ्यावर संपणारा प्रश्न चिठ्ठीत ठेवायचा नाही. प्रश्न टाकला की मनात दहा अंक मोजायचे. नवख्याला ती शांतता सोसवत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. तसं दोनदा झालं की मुलं पुढच्या वेळी वाटच बघतात, ताई सांगतीलच म्हणून.

[दृश्य: समुपदेशनाचा वर्ग. तिघांचे गट: एक बोलतो, एक ऐकतो, तिसरा टिपतो.]

हा सगळ्यात कठीण तास. प्रत्यक्ष भेटीनंतर झालेलं संभाषण शब्दशः आठवून त्याच दिवशी लिहायचं, याला इथे व्हर्बाटिम म्हणतात. नाव बदलून ते वर्गात वाचलं जातं. आपण कुठे घाई केली, कुठे समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच प्रार्थना सुरू केली, ते कागदावर लपत नाही.

एक नियम मात्र पहिल्याच आठवड्यात घोटून घेतला पाहिजे. कुणाला सांगणार नाही, असं वचन अल्पवयीन मुलाला द्यायचं नाही. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. मुलाची उलटतपासणी करायची नाही. त्याचे शब्द त्यानं सांगितले तसे लिहायचे, तारीख-वेळ घालायची, आणि कळवायचं. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन, 1098. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून थांबा, असं सांगणारे वडीलधारे भेटतात. त्यांचं ऐकायचं नाही.

[दृश्य: मे महिन्यातलं शिबिर. नोंदणीचं टेबल, रांग, अर्जांची चळत.]

शिबिराच्या अर्जावर पालकांची सही, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, दोन फोन नंबर. आठ-दहा मुलांमागे एक प्रौढ. मुलींच्या मुक्कामाला बाईमाणूस जबाबदार. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत एकट्या प्रौढानं बसायचं नाही. नदी किंवा धरण जवळ असेल तर पोहणं बंद, यात सवलत नाही.

पदवीनंतर बहुतेकांना मंडळीचा सगळाच कारभार सांभाळावा लागतो. पगार तुटपुंजा, आणि तरुणांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो.

[दृश्य: दोन स्थानिक तरुण सभा चालवताहेत. विद्यार्थी मागच्या बाकावर वही घेऊन.]

प्रात्यक्षिकाचा विद्यार्थी मंडळीत जूनमध्ये येतो आणि मार्चमध्ये जातो. कितीतरी तरुण संघ एप्रिलमध्ये बंद पडतात ते यामुळेच. म्हणून पहिल्याच महिन्यात मंडळीतले दोन सहायक हेरायचे. दिवाळीपर्यंत त्यांनी गट सांभाळायचा, नाताळानंतर सभा त्यांनी चालवायची आणि विद्यार्थ्यानं मागे बसून टिपणं काढायची. मार्चमध्ये हजेरीवही, पालकांचे नंबर, जमाखर्च आणि पुढच्या तीन महिन्यांचे उतारे त्यांच्या स्वाधीन करायचे, तेही पाळकसाहेबांसमोर. प्रात्यक्षिकाचे गुण हे काम पुरं झाल्यावरच द्यावेत.