एक्स्पोसितो: मूळपुरुष नसलेलं आडनाव

नमस्कार श्रोतेहो.

धोंडू, दगडू, कचरू, उकिर्डा ही नावं आता ऐकू येत नाहीत, पण आपल्या दोन-तीन पिढ्यांमागं ती घरोघरी होती. माझ्या आजोळी शेजारच्या वाड्यात एक कचरूआबा होते. त्यांच्या पाठची नव्हे, आधीची तीन भावंडं एकामागून एक गेली. म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत घरी आणलं. मूल टाकून दिलेलं आहे, कुणाला हवंसं नाही, असं मरणाला वाटावं आणि त्यानं पुढं निघून जावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. त्या नावात आईबापांची केवढी माया भरलेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आज ज्या आडनावाबद्दल बोलणार आहे, त्याचा अर्थ कचरूच्या फार जवळचा आहे. फरक एवढाच, की तिथं मूल खरोखर बाहेर ठेवलेलं होतं आणि ठेवणारी परत आली नव्हती.

आडनाव स्पेनमधलं. एक्स्पोसितो. उच्चारताना 'पो'वर जोर द्यायचा. लॅटिनमध्ये 'एक्स्पोनेरे' म्हणजे बाहेर ठेवणं, उघड्यावर मांडणं. त्यावरून 'एक्स्पोसितुस', बाहेर ठेवलेला. आपल्या तोंडी बसलेला 'एक्स्पोज' हा शब्दही त्याच मुळातून आलेला. चर्चच्या पायरीवर, मठाच्या दारात, एखाद्या सधन घराच्या उंबऱ्यावर रात्री ठेवून दिलेलं मूल सापडलं, की पाद्री त्याचा बाप्तिस्मा करायचा. नाव बहुधा त्या दिवसाच्या संताचं. आडनाव कुठून आणणार? वहीत आडनावाच्या जागी तो त्या मुलाची हकीकतच लिहून टाकायचा. खुआन, बाहेर ठेवलेला. मारिया, बाहेर ठेवलेली.

मोठ्या शहरांत अशा मुलांसाठी संस्था होत्या. तोलेदोमध्ये कार्डिनल मेंदोसा यांच्या मृत्युपत्रातल्या इच्छेवरून उभं राहिलेलं सान्ता क्रूस रुग्णालय अशाच मुलांसाठी होतं. आज त्या देखण्या इमारतीत संग्रहालय आहे. माद्रिदमधल्या संस्थेचं नाव 'इन्क्लुसा'. या नावाची गोष्ट अशी सांगतात, की एका स्पॅनिश सैनिकानं नेदरलँड्समधल्या एन्कहाउझेन गावातून मेरीमातेचं एक चित्र आणलं, ते या संस्थेत लागलं, आणि माद्रिदच्या लोकांना त्या गावाचं नाव काही केल्या उच्चारता येईना. घासत घासत त्याचं इन्क्लुसा झालं. पुढं तो शब्द देशभरातल्या अशा सगळ्याच घरांना लागला, आणि 'इन्क्लुसेरो', म्हणजे इन्क्लुसात वाढलेला, ही शिवी झाली.

या घरांच्या भिंतीत एक लाकडी पिंप बसवलेलं असे. स्पॅनिशमध्ये त्याला 'तोर्नो' म्हणतात. उभ्या आसावर फिरणारं आणि एका बाजूनं उघडं. रस्त्यावरून येणाऱ्या बाईनं मूल त्यात ठेवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतली बाई पिंप फिरवायची, मूल आत यायचं. ठेवणारीचं तोंड घेणारीला दिसू नये, अशीच मुळी ती रचना. मला या पिंपाबद्दल नुसता राग धरता येत नाही. ते नसतं तर मूल नदीत किंवा विहिरीत गेलं असतं, हे ते बसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि येणाऱ्या सगळ्या काही अब्रूच्या भीतीनं आलेल्या नसत. लग्नाच्या, नवरा असलेल्या, चार मुलं घरी उपाशी असलेल्या बायकाही यायच्या. दुष्काळाच्या, धान्य महागलेल्या वर्षांत पिंपातली मुलं वाढायची.

आत आलेल्यांपैकी जगायची थोडी. दूध पाजायला पुरेशा बाया नसत, एकीच्या वाट्याला दोन-दोन, तीन-तीन मुलं येत. काहींना खेड्यापाड्यांतल्या दूधआयांकडं महिन्याच्या पगारावर पाठवत. कितीतरी मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली. पण काही दूधआयांचा जीव मुलात असा गुंतला, की पगार थांबल्यावरही त्यांनी मूल परत केलं नाही. आज आपण नकाशावर हे आडनाव पाहतो तेव्हा तगून राहिलेल्यांचाच माग आपल्याला दिसत असतो.

अशा मुलांना समाजानं कसं वागवलं हे वेगळं सांगायला नको. पाप कुणाचं हे माहीत नसलं, की ते मुलाच्या माथी मारायला सोपं जातं. यावर १७९४ साली राजा चौथा कार्लोस यानं एक हुकूम काढला, आणि तो मला आजही थक्क करतो. ज्यांचे आईबाप माहीत नाहीत अशी सगळी मुलं कायद्यापुरती औरस मानावीत, असं त्यात म्हटलं होतं. शिक्षणाची, कामाची दारं त्यांना बंद करू नयेत. आणि जो कुणी अशा मुलाला अनौरस, व्यभिचाराची संतती वगैरे म्हणेल, त्याला न्यायालयात शब्द मागं घ्यायला लावावा, दंड करावा. एका राजानं शिव्यांची यादी हुकुमात घालून त्या बंद करायला सांगितलं!

पण शिवी देणाऱ्याला दंड झाला तरी आडनाव राहिलंच. सही करताना, सैन्यात नाव नोंदवताना, सोयरीक बघताना ते आधी बोलायचं. म्हणून लोक आपापल्या परीनं वाटा काढत. काही जण दूधआईच्या घरचं आडनाव लावू लागले. १९२१ साली कायद्यानं रीतसर मुभा मिळाली: एक्स्पोसितो हे आडनाव असणं, हेच ते बदलायला पुरेसं कारण ठरलं. कितींनी तरी ते टाकलं. आणि कितींनी तरी ठेवलं. ठेवणाऱ्यांचं मला जास्त कुतूहल वाटतं. बापानं आयुष्यभर खाली मान न घालता जे नाव चालवलं ते मुलानं कशाला सोडावं, असंही एखाद्या घरात झालं असेल.

आता ते पसरलं कसं? स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं आणि दुसरं आईचं. पुढच्या पिढीला दोघांचीही पहिलीच आडनावं मिळतात. आता समजा, पिंपातून एक मुलगी आत आली, जगली, तिचं लग्न झालं. तिचं एक्स्पोसितो तिच्या मुलांना दुसरं आडनाव म्हणून मिळालं आणि नातवंडांपर्यंत पोचताच पुसलं गेलं. मुलगा असेल तर मात्र ते पुढं चालत राहिलं. म्हणजे आजचे एक्स्पोसितो मुख्यतः जगलेल्या मुलग्यांचे वंशज आहेत. जगलेल्या मुलींचे वंशजही तेवढेच असतील, पण ते आज गार्सिया आहेत, लोपेस आहेत, आणि आपल्या कुळात कुणी त्या पिंपातून आलं होतं, याचा त्यांना पत्ताही नसेल. १९९९ पासून आईवडिलांना संमतीनं आडनावांचा क्रम बदलता येतो, पण तोवर दोन शतकांचं काम होऊन गेलं होतं.

स्पेनमध्ये हे आडनाव दक्षिणेला आंदालुसियात, विशेषतः खाएनच्या बाजूला, आणि अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवर ठसठशीत दिसतं. पण या नकाशाकडं बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपण कुळाचा शोध घेतो तेव्हा मूळ गाव, मूळपुरुष, कुलदैवत विचारतो. एक्स्पोसितोंना मूळपुरुष नाही. प्रत्येक पिंपापाशी, प्रत्येक पायरीपाशी हे आडनाव नव्यानं सुरू झालं. खाएनचे एक्स्पोसितो आणि कॅनरीचे एक्स्पोसितो यांच्यात रक्ताचा धागा असायचं काही कारण नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन एक्स्पोसितो घरांतही नसेल. वंशावळ काढणारा मागं मागं जातो आणि एका तारखेपाशी त्याची वाट भिंतीला लागते.

टाकलेल्या मुलांना दिलेलं हे एकमेव आडनाव नव्हे. कुठं 'दे ला इग्लेसिया', म्हणजे चर्चचा. कुठं 'दे ला क्रूस', क्रुसाचा. कॅटलान भाषेत 'देउलोफेउ', देवानं घडवलेला. फुटबॉल बघणाऱ्यांना जेरार्द देउलोफेउ हे नाव माहीत असेल. पण इग्लेसियास किंवा क्रूस आडनावाच्या प्रत्येकाच्या मागं हीच कथा असेल असं समजू नका. चर्चजवळ घर होतं एवढ्यावरूनही ती आडनावं पडली आहेत. आपल्या गोव्यात आणि वसईत बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव कुटुंबाला लागलं, तिथंही आडनावावरून रक्त ओळखता येत नाही. तिथं निदान घर तेच राहिलं होतं.

इटलीत याच शब्दाचं एस्पोझितो झालं. नेपल्स शहर दोनशे वर्षं स्पेनच्या राजांच्या ताब्यात होतं, पण हे आडनाव तिथं स्थानिक भाषेतूनच उगवलं. तिथल्या आनुन्त्सियाता या टाकलेल्या मुलांच्या संस्थेच्या भिंतीतलं असंच फिरतं चाक १८७५ साली बंद झालं. आज एस्पोझितो हे नेपल्समधलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव आहे. एवढ्यांचं झाल्यावर त्यात लाजण्यासारखं काय उरलं!

अटलांटिकपलीकडं स्पॅनिश लोकांनी शहरं वसवली, तिथं पिंपही नेलं. हवानामध्ये बिशप हेरोनिमो वाल्देस यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला अशा मुलांसाठी घर उघडलं आणि मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. म्हणून क्युबात वाल्देस आडनावाची माणसं फार. 'प्लासिदो' या टोपणनावानं लिहिणारा क्युबाचा कवी गाब्रिएल दे ला कोन्सेप्सियोन वाल्देस हा १८०९ साली जन्मला आणि याच घरात ठेवला गेला. आई स्पेनहून आलेली नर्तकी, वडील आफ्रिकी वंशाचे. स्पॅनिश सत्तेनं त्याला १८४४ साली कटाच्या आरोपावरून मातान्सास शहरात गोळ्या घातल्या. मेक्सिकोत आर्चबिशप लोरेन्साना यांनी १७६७ मध्ये असंच घर काढलं. तिथली मुलं लोरेन्साना झाली. एका ब्रह्मचारी धर्मगुरूचं आडनाव शेकडो मुलांनी चालवावं, ही गोष्ट मला एक्स्पोसितो लिहिण्यापेक्षा किती माणुसकीची वाटते.

ब्युनोस आयर्सची गोष्ट तर सांगायलाच हवी. व्हाइसरॉय वेर्तिस यांनी १७७९ मध्ये तिथं अनाथगृह सुरू केलं, पण पैसा कुठून आणायचा? जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाला हाकलून दिल्यावर कोर्दोबा शहरात त्यांचा एक छापखाना पडून होता. तो मागवून घेतला आणि त्याची कमाई या मुलांना लावून दिली. छापखान्याचं नावच पडलं 'निन्योस एक्स्पोसितोस', टाकलेल्या मुलांचा छापखाना. १८१० मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध क्रांती झाली आणि तिच्या पुढाऱ्यांपैकी मारियानो मोरेनो यांनी नव्या सरकारचं गॅझेट काढलं, तेही इथंच छापलं गेलं. अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याचे पहिले छापील शब्द या मुलांच्या नावाच्या यंत्रातून बाहेर पडले.

श्रोतेहो, आता एका जहाजाबद्दल. १७९६ साली जेन्नर यांनी देवीची लस शोधली. पण ती महासागरापार न्यायची कशी? बर्फ नाही, शीतपेटी नाही. लस जिवंत ठेवायचा एकच मार्ग होता: एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर. त्यासाठी कधीच देवी न आलेली माणसं हवीत, म्हणजे लहान मुलंच. आपलं मूल कोण देणार? ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्या बंदरातून 'मारिया पिता' हे जहाज निघालं. वैद्य फ्रान्सिस्को हाविएर बाल्मिस, अनाथगृहाच्या प्रमुख इसाबेल सेन्दाल, आणि २२ मुलगे. साधारण ३ ते ९ वर्षांचे. दर नऊ-दहा दिवसांनी दोघा मुलांना टोचायचं, आणि त्यांनी फोड खाजवून फोडू नये म्हणून इसाबेलनं डोळ्यांत तेल घालून बसायचं. या मुलांच्या यादीत कितीतरी नावांपुढं आडनाव नाही. कांदिदो. क्लेमेंते. हासिन्तो. एवढंच. त्यांच्या दंडांवरून लस कॅनरी, पोर्तो रिको, व्हेनेझुएला, क्युबा करत मेक्सिकोला पोचली. तिथून मेक्सिकोतली २६ मुलं घेऊन बाल्मिस १८०५ मध्ये मनिलाला गेले. ला कोरुन्याहून, म्हणजे स्पेनच्या गालिसिया भागातून, आलेली मुलं मेक्सिकोतच राहिली. त्यांना घरी पाठवायचा प्रश्नच नव्हता, कारण घरच नव्हतं.

आपल्या मुंबईत लस हे जहाज निघण्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधीच आली होती, बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेनं, अशीच दंडावरून दंडावर. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतात लस लागू पडलेलं हे पहिलं माणूस. आपले कितीतरी पूर्वज त्या साखळीमुळं वाचले. जगाच्या दुसऱ्या टोकाची तीच साखळी या बिनआडनावाच्या पोरांनी ओढली होती.

स्पेनमध्ये २०२० साली कोविडविरुद्धच्या लष्करी मोहिमेला बाल्मिस यांचं नाव दिलं आणि माद्रिदमध्ये नव्यानं बांधलेल्या रुग्णालयाला इसाबेल सेन्दाल यांचं.

अनाथगृहांच्या जुन्या वह्या स्पेनच्या दप्तरखान्यांत जपून ठेवल्या आहेत. मूल किती वाजता आलं, अंगावर काय होतं, हे त्यांत लिहिलेलं असतं. काही पानांना टाचणीनं एक फीत अडकवलेली असते, किंवा पत्त्यातलं पान, संताचं चित्र. चित्र मुद्दाम वाकडंतिकडं कापलेलं, अर्धंच. आईनं मुलाच्या दुपट्यात खोचलेलं. दुसरा अर्धा तुकडा ती स्वतःजवळ ठेवायची. दिवस पालटले, की तो घेऊन यायचं, कडा जुळवून दाखवायच्या आणि मूल परत मागायचं.

बहुतेक पानांवर तो अर्धा तुकडा अजून तसाच आहे.

नमस्कार.