गडग्याच्या आतले रान

इथिओपियाच्या उत्तरेकडील उंच पठारावर, ताना सरोवराच्या पूर्वेला, आपण आलो आहोत. खाली नजर पोहोचेल तिथपर्यंत टेफ, जव आणि गव्हाची शेते आहेत, आणि त्या पिवळ्या-करड्या पसाऱ्यात मधूनच एखादा गर्द हिरवा, गोल ठिपका दिसतो. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी पत्र्याचे छप्पर चकाकते. ते ऑर्थोडॉक्स तेवाहेदो पंथाचे चर्च आहे आणि भोवतालची झाडे हे त्याचे वस्त्र, अशी भाविकांची भावना आहे. दक्षिण गोंदर या एकाच भागात अशी हजाराहून अधिक चर्चवने आहेत. त्यांतली बहुतेक जेमतेम काही हेक्टरांची आहेत. मराठी माणसाला येथे देवराई आठवणे साहजिक आहे. या भागात जे नैसर्गिक जंगल शिल्लक आहे, ते बहुतांशी एवढेच.

आत शिरले की बाहेरचे रखरखीत ऊन मागे राहते. उंच वाढलेली तीद, म्हणजे आफ्रिकी ज्युनिपर, झिग्बा हा सूचिपर्णी वृक्ष, इमारती लाकडासाठी नावाजलेला वांझा, जिच्या लाकडाच्या धुराने दुधाची भांडी धुपवतात ती वेइरा, म्हणजे रानटी ऑलिव्ह, आणि पोटातल्या जंतांवर ज्याची फुले पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून घेतली गेली, तो कोसो. वर पाहिले तर जंगल भरभक्कम वाटते. मात्र खाली वाकून पाचोळा बाजूला केला, तर अनेक चर्चवनांत रोपटे म्हणून सापडत नाही. गुरे आत शिरतात, कोवळे कोंब खाऊन टाकतात, आणि म्हातारी झाडे वारसाविना उभी राहतात. हा माहितीपट त्या न सापडणाऱ्या रोपट्याविषयी आहे.

शंभर वर्षांपूर्वी इथिओपियाचा चाळीस टक्के भाग जंगलाखाली होता आणि आता तीन-चार टक्केच उरला, असे अनेक अहवालांत वर्षानुवर्षे छापले गेले. त्या चाळीस टक्क्यांमागे कोणतीही मोजणी नव्हती, हे इतिहासकार जेम्स मॅकॅन यांनी दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांची वर्णने वाचली, तर उत्तरेचे पठार तेव्हाच बरेचसे उघडे होते असे दिसते. मरेशा नावाचा बैलांचा नांगर येथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि नांगराला मोकळी जमीन लागते. पुढे २०१५ मध्ये देशाने जंगलाची व्याख्या बदलली: किमान अर्धा हेक्टर क्षेत्र, झाडांची दोन मीटर उंची आणि जमिनीवर त्यांच्या फांद्या-पानांचे वीस टक्के छत्र. या व्याख्येत सखल भागातली दाट झुडपी राने आणि बांबूची बनेही बसली, आणि आकडा पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला. एकही नवे झाड न लागता आकडा वाढू शकतो, म्हणून येथे केवळ टक्केवारीवर विसंबणे आम्हाला योग्य वाटत नाही.

राजधानी अदिस अबाबाची गोष्ट वेगळी आहे. तिच्या नोंदी आहेत. १८८६ मध्ये वसलेल्या या शहराने पंधरा वर्षांच्या आत आसपासचे सरपण संपवले, इतके की सम्राट मेनेलिक यांनी पश्चिमेला अदिस आलेम येथे नवी राजधानी उभारायला घेतली. शहर वाचले ते निलगिरीमुळे. १८९० च्या दशकात आणलेल्या या झाडाला अम्हारिक भाषेत ‘बाहिर झाफ’, म्हणजे समुद्रापलीकडचे झाड, म्हणतात. ते तोडले की बुंध्यातून पुन्हा फुटते आणि काही वर्षांत जळणाला येते. आज शहरालगतच्या एंतोतोच्या डोंगरावरून वाकलेल्या पाठीवर मोळ्या घेऊन बायका उतरतात, त्या मोळ्या निलगिरीच्याच असतात.

हे सरपण कुठे जाते, ते स्वयंपाकघरात कळते. तिळाहून कितीतरी बारीक असलेल्या टेफचे पीठ काही दिवस आंबवतात, आणि मितादवर, म्हणजे हातभर रुंदीच्या मातीच्या तव्यावर, ते बाहेरून आत गोल फिरवत ओततात. त्या इंजेरावर, म्हणजे आंबोळीसारख्या पोळीवर, जाळी पडायची असेल, तर तवा सगळीकडे सारखा तापावा लागतो, आणि तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यासाठी खूप लाकूड जळते. सरपण नसेल तेव्हा गोवऱ्या जाळतात, आणि शेतात पडायचे खत चुलीत जाते. बाहिर झाफने देशी झाडांवरची कुऱ्हाड काही प्रमाणात अडवली, हे मान्यच करायला हवे. पण तिच्या दाट लागवडीखाली वेइरा किंवा झिग्बा फारसे रुजत नाहीत, म्हणून निलगिरीच्या राईला जंगल म्हणायला मन घेत नाही.

नैसर्गिक जंगलाचा मोठा भाग आता नैर्ऋत्येला आहे. काफा, शेका, यायू. अरेबिका कॉफी याच सावलीत आजही रानटी वाढते, आणि काफा व यायू ही राने २०१० मध्ये युनेस्कोच्या जैवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आली. १९८४-८५ च्या दुष्काळानंतर लष्करी राजवटीने उत्तरेतल्या सुमारे सहा लाख लोकांना नैर्ऋत्येकडे आणि पश्चिमेकडे हलवले, आणि नांगराची शेती त्यांच्याबरोबर जंगलाच्या काठाशी पोहोचली. त्याहून संथ बदल कॉफीमुळे होतो. कॉफीला उजेड मिळावा म्हणून शेतकरी वरची छाया विरळ करतात आणि खालचे रान दरवर्षी बेणतात. त्या बेणणीत कॉफीची रोपे राखली जातात आणि उद्याच्या मोठ्या वृक्षांची रोपटी विळ्याखाली जातात. उपग्रहाच्या चित्रात हे रान हिरवेच दिसते.

२९ जुलै २०१९ रोजी देशभर एका दिवसात ३५ कोटी रोपे लावल्याचे सरकारने जाहीर केले. लोक उत्साहाने उतरले होते आणि त्या उत्साहाची किंमत आम्ही कमी लेखत नाही. मात्र रोप लावल्यानंतरची राखण हे खरे काम आहे, आणि ते पाहण्यासाठी आपण पुन्हा दक्षिण गोंदरला आलो आहोत.

वनशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी यांनी धर्मगुरूंना बरोबर घेऊन येथील चर्चवनांभोवती दगडी भिंती उभारण्याचे काम चालवले. कोकणातल्या गडग्यासारख्या, दगडावर दगड रचलेल्या या भिंती आहेत. दगड आजूबाजूच्या शेतांतलेच. ते उचलले गेल्याने शेतकऱ्याची जमीनही मोकळी झाली. काही ठिकाणी भिंत जुन्या झाडांच्या रांगेच्या थोडी बाहेर घेतली आहे, म्हणजे रानाला पसरायला जागा राहील. भाविकांसाठी फाटक ठेवले आहे. ते लोटून आत गेले की गडग्याच्या कडेला, पाचोळ्यातून, टाचेएवढ्या उंचीची वेइराची रोपटी वर आलेली दिसतात. पाने वरून गडद हिरवी, खालून तांबूस. गुरांचा दात न लागलेली.