नवी सोय कोणाच्या जागेवर बसते?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

टॅबलेटमध्ये सोयी वाढल्या की त्याचा वापर अवघड होतो आणि वापर सोपा ठेवायचा असेल तर सोयी कमी कराव्या लागतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मला हे मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच मी आज येथे उभा आहे. टॅबलेट अवघड होतो तो सोयींच्या संख्येमुळे नव्हे. एखादी नवी सोय जुन्या, हाताला बसलेल्या हालचालीची जागा बळकावते तेव्हा तो अवघड होतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ती सोय कधीच न वापरणारा माणूस मोजतो. या म्हणण्याला आधार म्हणून मी तीन कसोट्या मांडणार आहे. परंतु त्याआधी एका लहानशा बटणाची हकीकत सविस्तर सांगण्याची परवानगी द्यावी, कारण माझा सगळा विषय त्या बटणात आहे.

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड जगाला दाखवला. त्याच्या उजव्या कडेला, आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाच्या वर, एक छोटे सरकते बटण होते. घोषणेच्या वेळी ते आवाज बंद करण्यासाठी असल्याचे सांगितले गेले होते. मात्र ३ एप्रिलला आयपॅड विक्रीस आला तेव्हा त्याचे काम बदललेले होते. ते सरकवले की पडदा फिरायचा थांबत असे. ज्यांनी कुशीवर पडून टॅबलेटवर वाचले आहे, त्यांना या बटणाचे मोल वेगळे सांगायला नको. मान जरा कलली की मजकूर आडवा होतो, सरळ केली की पुन्हा उभा होतो, आणि वाचनातले लक्ष प्रत्येक वेळी तुटते. टॅबलेट हे प्रामुख्याने हातात धरून वाचण्या-पाहण्याचे साधन आहे हे ओळखून कोणीतरी ते बटण त्या कामाला दिले होते, आणि तो निर्णय अतिशय योग्य होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयपॅडच्या आयओएस या कार्यप्रणालीची ४.२ ही आवृत्ती आली. तिने आयपॅडला मोठ्या गोष्टी दिल्या: एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात झटकन जाता येऊ लागले, अ‍ॅप फोल्डरमध्ये ठेवता येऊ लागली. आणि याच आवृत्तीने त्या बटणाचे काम काढून घेऊन त्याला पुन्हा आवाज बंद करण्याचे काम दिले. आयफोनच्या कडेला असलेले बटण आवाज बंद करते, तेव्हा दोन्ही उपकरणांत एकवाक्यता आली, असे याचे समर्थन करता येते. पण पडदा स्थिर करू पाहणाऱ्या माणसाचे काय झाले? त्याला आता होमचे बटण दोनदा दाबायचे, खाली उघडलेली पट्टी बाजूला सरकवायची आणि तिथल्या चिन्हावर टिचकी द्यायची, एवढे सोपस्कार करावे लागत होते. शिवाय सवयीने बटण सरकवले, तर पडदा फिरतच राहायचा आणि सूचनांचे आवाज मात्र गप्प व्हायचे. घरातल्या विजेच्या फळीवरचे पंख्याचे बटण एका रात्रीत दिव्याला जोडले, तर अंधारात उठणाऱ्याची जी गत होईल, तीच ही होती.

लोकांनी नाराजी कळवली. मार्च २०११ मध्ये ४.३ ही आवृत्ती आली आणि बटणाने कोणते काम करावे हे ठरवण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये मिळाला. चौदा महिन्यांच्या आत चार भूमिका झाल्या: आधी आवाज, मग पडदा, मग पुन्हा आवाज, आणि शेवटी तुम्हाला हवे ते. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये आयपॅड एअर २ आला, त्याची जाडी ६.१ मिलिमीटरवर आणली गेली आणि त्यावर ते बटणच उरले नाही.

इतक्या लहान गोष्टीवर मी इतका वेळ का घालवतो, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. याचे उत्तर असे की ४.२ आवृत्तीत वाढलेल्या सोयींनी कोणाचेही काम अडवले नव्हते. ज्याला फोल्डर नको होते, त्याने ते केले नाहीत. काम अडवले ते एका जुन्या जागेच्या फेरवाटपाने.

पडद्याच्या खालच्या कडेचे उदाहरण घ्या. २०१३ मध्ये आयओएस ७ आले तेव्हा खालून वर बोट सरकवले की नियंत्रण केंद्र उघडत असे, म्हणजे प्रकाश, आवाज, वायफाय एका जागी मिळत असे. २०१७ मध्ये आयओएस ११ ने आयपॅडला कुठूनही उघडता येणारा डॉक, म्हणजे आवडत्या अ‍ॅपची खालची पट्टी, दिला, आणि तीच हालचाल डॉकची झाली. बोट आणखी वर नेले की उघडी अ‍ॅप आणि त्यांच्या शेजारी नियंत्रण केंद्र दिसू लागले. २०१८ मध्ये आयओएस १२ ने नियंत्रण केंद्र तिथूनही हलवून वरच्या उजव्या कोपऱ्यात नेले. डॉक ही उत्तम सोय आहे, हे मी मनापासून म्हणतो. पण पाच वर्षांत नियंत्रण केंद्राच्या तीन जागा झाल्या, आणि केवळ प्रकाश कमी करू पाहणाऱ्या वयस्क वापरकर्त्याला तिन्ही वेळा नव्याने शिकावे लागले.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकांनी एकदा मला त्यांचा टॅबलेट दुरुस्तीसाठी दाखवला. कळफलक लहान होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसला होता, आणि यंत्र बिघडले अशी त्यांची खात्री झाली होती. बिघडले काहीच नव्हते. दोन बोटांच्या नकळत झालेल्या चिमटीने एक सोय सुरू झाली होती. मला खटकले ते हे, की ती सुरू झाली हे सांगणारे आणि ती बंद कशी करायची हे दाखवणारे पडद्यावर काहीच नव्हते. आयुष्यभर इतरांना शिकवलेल्या बाई स्वतःला अडाणी समजू लागल्या होत्या, याचा मला आजही राग येतो.

याच्या उलट टोकाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण कमी देणे म्हणजे सोपे करणे नव्हे. आयपॅडवर स्वतःचा कॅल्क्युलेटर येण्यासाठी २०२४ उजाडावे लागले. त्याहून मला खुपते ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे घरातला टॅबलेट बहुधा एकाचा नसतो. आजोबा त्यावर कीर्तन ऐकतात आणि नातवंडे अभ्यास करतात. अँड्रॉइडने नोव्हेंबर २०१२ मध्ये ४.२ या आवृत्तीत टॅबलेटवर निरनिराळ्या वापरकर्त्यांची स्वतंत्र खाती दिली. अ‍ॅपलने तशी व्यवस्था २०१६ मध्ये दिली, पण ती शाळांसाठी. घरगुती आयपॅड आजही एकाच माणसाचा मानला जातो. ही एक सोय वाढली असती, तर वापर कितीतरी सोपा झाला असता.

मायक्रोसॉफ्टची कथा मोठी आहे, ती थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने टॅबलेटसाठी नवी मांडणी केली आणि ती करताना १९९५ पासून ओळखीचे असलेले स्टार्ट बटण काढून टाकले. उजव्या कडेतून बोट आत आणले की शोध आणि सेटिंग्ज, डाव्या कडेतून आणले की दुसरे अ‍ॅप, वरून किंवा खालून आणले की त्या अ‍ॅपच्या आज्ञा. टॅबलेट म्हणून त्यातल्या अनेक कल्पना सुंदर होत्या, पण चारही कडांमागे काय दडले आहे हे पडद्याकडे पाहून कळत नव्हते. वर्षभराने ८.१ आवृत्तीत स्टार्ट बटण परत आणावे लागले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कसोट्या आता भराभर मांडतो.

पहिली कसोटी अशी: नवी सोय न वापरणाऱ्या माणसाची एकही जुनी हालचाल बदलता कामा नये. सॅमसंगने २०१८ मध्ये टॅब एस४ या टॅबलेटवर डेक्स ही संगणकासारखी विंडोंची मांडणी आणली, तेव्हा ती वेगळी ठेवली; ज्याने ती सुरू केली नाही, त्याचा टॅबलेट होता तसाच राहिला. जाणकार मंडळी येथे लॅरी टेस्लर यांचे नाव घेतील. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आणि पुढे अ‍ॅपलमध्ये काम केलेल्या टेस्लर यांचा, एकाच कृतीचा अर्थ यंत्राच्या स्थितीनुसार बदलण्याला आयुष्यभर विरोध होता. त्यांचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्रास होतो तो स्थिती दिसत नसते तेव्हा. डेक्समध्ये संपूर्ण पडदा बदलतो. तिथे गोंधळायला फारशी जागा नाही.

दुसरी कसोटी: सोयीची मूठ पडद्यावर दिसली पाहिजे. २०१५ मध्ये आयओएस ९ ने आयपॅडवर दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी आणली, ती कडेवरच्या छुप्या हालचालींच्या भरवशावर. २०२१ मध्ये आयपॅडओएस १५ ने (आयपॅडच्या कार्यप्रणालीचे हे नवे नाव) अ‍ॅपच्या माथ्यावर तीन ठिपके ठेवले आणि तीच सोय शोधता येण्याजोगी झाली. त्यासाठी सोय एकही वाढवावी लागली नव्हती.

तिसरी कसोटी: जिथून आत गेलो, तिथूनच बाहेर येता आले पाहिजे, आणि नव्याच्या स्वागतासाठी जुने मोडू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयपॅडओएस २६ ने खऱ्याखुऱ्या विंडो आणि वर मेन्यूची पट्टी दिली. त्याचबरोबर पूर्ण पडद्यावर एकच अ‍ॅप ठेवण्याचा जुना मार्गही शाबूत ठेवला, हे पहिल्या कसोटीला उतरणारे आहे. परंतु पडदा विभागण्याची आणि कडेतून दुसरे अ‍ॅप आत ओढण्याची, म्हणजे स्लाइड ओव्हरची, दहा वर्षांची रुळलेली पद्धत त्यात काढून टाकली गेली. स्लाइड ओव्हर पुढच्याच २६.१ आवृत्तीत परत आले, पण एका वेळी एकाच अ‍ॅपपुरते. पूर्वी तिथे अनेक अ‍ॅप ठेवून आलटून-पालटून पाहता येत असत. विंडो देण्यासाठी स्लाइड ओव्हर काढण्याची गरज नव्हती, हे त्या परत येण्यानेच दाखवून दिले.

आयपॅडवरची दोन साधने सांगतो आणि थांबतो. २०१२ पासून असलेली गाइडेड अ‍ॅक्सेस ही सोय टॅबलेटला एकाच अ‍ॅपमध्ये स्थिर ठेवते, आणि २०२३ मध्ये आलेली असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस ही सोय मोजकी अ‍ॅप मोठ्या चिन्हांसह समोर मांडते. दोन्ही सेटिंग्जच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात आहेत. ज्यांनी आयपॅड सोबत आणला असेल, त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर व्यासपीठाजवळ यावे. मी त्या कशा लावायच्या हे दाखवतो.