रिमला रंग, नटाच्या बुडाला नाही

(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य: रत्नागिरीतलं एक खळं. दिवाळी होऊन गेलेली. पांढरी मारुती ८००, डिकी उघडी.)

गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओला कळवावं लागतं. चाकांचा रंग मात्र कुणी विचारत नाही. काळी करा, चंदेरी करा, हौस असेल तर लाल करा. कागदोपत्री गाडी तीच. म्हणून घरच्या घरी गाडीवर हात चालवून बघणाऱ्यांची सुरुवात बहुतेक वेळा चाकांपासूनच होते.

ही गाडी २०१० सालची. मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत बरंच काही बदललं. या गाडीचं चाक मात्र साधंच: बारा इंची, पत्र्याचं, चार नटांचं. या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपलीय, आता पुढच्या पाच वर्षांसाठी पासिंग करून घ्यायचंय. चाकं रंगवली म्हणून पासिंग होतं असं काही नाही. पण काकांचं म्हणणं, "साहेबांसमोर उभी करायची, तर जरा बरी दिसू दे की."

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पुतण्या मुंबईहून आलाय, येताना स्प्रेचे कॅन घेऊनच. काकांनी माळ्यावरून रेड ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडावर रंगाआधी ब्रशने लावायच्या तांबड्या प्रायमरचा, डबा काढून ठेवलाय. म्हणजे वाद ठरलेला.

(दृश्य: गंजलेल्या रिमचा जवळून शॉट.)

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि वर समुद्राची खारी हवा. तरी गंज सगळीकडे सारखा चढत नाही. रिमचा गोल पट्टा आणि मधली तबकडी हे दोन वेगळे भाग वेल्डिंगने जोडलेले असतात. त्या सांध्यात पाणी मुरतं. व्हील कॅपच्या आड चिखल साठतो. चाक समतोल फिरावं म्हणून कडेला ठोकलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांची क्लिप जिथे रंग खरवडते, तिथून तांबूस ओघळ सुटतो. बाकीचा भाग बघा, मळलाय, पण त्याखालचा रंग घट्ट आहे.

तो घट्ट का, हे कळणं महत्त्वाचं. कारखान्यात पत्र्याचं चाक रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने रंगाचा थर त्यावर बसवतात. मग ते भट्टीत भाजतात. असा थर अंगणात कुणालाच देता येणार नाही. म्हणून जो मूळ रंग शाबूत आहे, तो उत्साहाच्या भरात पत्र्यापर्यंत खरवडून काढणं हे निव्वळ नुकसान. चारशे नंबरच्या वॉटर पेपरने (बारीक घासकागदाने) ओला घासून त्याची चकाकी मारायची, नवा रंग धरण्यापुरती. तारेचा ब्रश आणि ऐंशीचा जाडा पेपर फक्त गंजावर.

पुतण्या पुढच्या चाकाला पाना लावतो. काका थांबवतात. "अरे, आधी स्टेपनी काढ. हात तिच्यावर बसव."

यात दोन फायदे. रंग ओघळला, तरी तो डिकीत झाकून जातो. आणि रंगवलेली स्टेपनी वाळली की ती एका चाकाच्या जागी लावायची, ते चाक रंगवायला घ्यायचं, असं एकेक करत पुढे जायचं. गाडी विटांवर ठेवायची वेळच येत नाही. चाक काढताना नट आधी जमिनीवरच सैल करायचे, हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, दुसऱ्या बाजूच्या चाकाला धोंडा लावायचा, मग जॅक. जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही.

आता धुणं. पुढच्या चाकांवरची काळी पूड ही ब्रेकची धूळ असते. ती फुंकर मारून उडवायची नाही, साबणाच्या पाण्याने काढायची. धुतलेलं चाक उन्हात वाळलं, की आणखी एक गोष्ट बघून घ्यायची: कुठे तडा आहे का, कड वाकलीय का. पोचा आलेल्या कडेत लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला की चाक नवं दिसतं, पण टायर त्याच कडेवर बसतो आणि हवा तिथूनच जाते. तडा गेलेलं चाक रंगवायचंच नाही, भंगारात द्यायचं.

(दृश्य: कात्री, जुन्या लग्नपत्रिका.)

टायर न काढता रंगवायचं, तर टायर झाकायचा कसा? मास्किंग टेप रबरावर धड चिकटत नाही. इथे घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कामाला येतात. हवा थोडी कमी करून, बोटभर रुंद कापलेले जाड कागदाचे तुकडे रिम आणि टायर यांच्या फटीत एकमेकांवर चढवत खोचायचे. कुणाचा चि., कुणाची चि. सौ. कां. असं करत चाकाभोवती पूर्ण वेढा होतो. वॉल्व्हला टेप.

आणि आता ती जागा, जिथे काका बोट ठेवतात.

नटाचं बूड निमुळतं असतं. रिमच्या भोकाची कडही तशीच, आत उतरती. ही दोन उतरती तोंडं एकमेकांत घट्ट बसतात, त्यावर चाक तोललेलं असतं. मध्ये रंगाचा जाड थर आला, तर पाना फिरवताना नट आवळल्यासारखा वाटतो. पुढे ब्रेकची उष्णता आणि रस्त्याचे हादरे बसत गेले, की तो थर दबतो, झिजतो. नट कुणी फिरवलेला नसतो, तरी पकड सैल होते. चाकाची मागची बाजू हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जिथे टेकते, तिथेही हेच. म्हणून भोकांत कागदाच्या घट्ट गुंडाळ्या आणि मागे टेप. व्हिडिओंमध्ये चकाकणारी चाकं भरपूर दिसतात, हे क्वचितच कुणी दाखवतं.

रेड ऑक्साइडचा वाद शेवटी डब्यावरचा मजकूर वाचून सुटतो. डबा आहे तेलरंगाच्या जातीचा, सावकाश वाळणारा. पुतण्याच्या कॅनमध्ये जलद वाळणारा रंग, त्यातलं थिनर जहाल. कच्च्या रेड ऑक्साइडवर तो मारला, तर खालचा थर उचलला जातो आणि सगळीकडे सुरकुत्या. दोन्ही चांगले, पण एकमेकांवर नको. उघड्या पत्र्यावर कॅनचाच प्रायमर बसतो. काका डबा गेटसाठी ठेवून देतात.

(ध्वनी: कॅन हलवल्याचा खुळखुळाट.)

कॅन वीत-सव्वा वीत लांब धरायचा. फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात इतका विरळ, की खालचा प्रायमर दिसत राहतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा. पहिल्याच हातात झाकायला गेलं, की ओघळ आलाच. दिवाळीनंतरचे दिवस निवडले तेही याच कारणाने. थिनर उडताना पत्रा थंड पडतो. दमट हवेत त्यावर बाष्प बसतं आणि रंग पांढुरका होतो. पावसाळ्यात कोकणात हा उद्योग करूच नये.

काम उघड्यावर करायचं. धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्याला वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. हार्डनर मिसळायची टू-के क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मात्र बूथ असलेल्या पेंटरकडेच मारून घ्यावी. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. अलॉय व्हीलची तयारी वेगळी, प्रायमर वेगळा. ते काम इथे नाही.

(दृश्य: चंदेरी चाकं. काका पाना फिरवतात.)

नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे. मग गाडी पंक्चरवाल्याकडे, बॅलन्सिंगला. तो नवीन वजन कडेवर ठेवतो, हातोडीचा एक ठोका घालतो, आणि नव्या रंगावर पहिला ओरखडा उमटतो. पुतण्या काकांकडे बघतो. काकांनी खिशातून बारीक ब्रश काढलेला असतो. "कॅन हलव," ते म्हणतात, "आणि थोडा झाकणात मार."