बाप, ठाणं, गाव

(दृश्य: जुन्या छापील पासचा स्कॅन. कॅमेरा एकेका रकान्यावरून सावकाश सरकतो.)

डेपो नंबर. जहाजाचं नाव. माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात. मग जिल्हा, ठाणं म्हणजे पोलीस ठाणं, गाव. उंची फूट-इंचात आणि अंगावरची खूण. आडनावाला रकानाच नाही.

हा गिरमिटिया मजुराचा पास. ऊसमळ्यावर पाच वर्षं राबायचा करार करून कलकत्त्याहून जहाजात चढलेल्या माणसाची ही नोंद. परदेशातलं त्याचं कुटुंब इथलं मूळ गाव शोधायला निघतं, तेव्हा शोध इथूनच सुरू होतो. ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज 5 जून 1873 रोजी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला लागलं. तेव्हापासून 1916 पर्यंत सुमारे 34 हजार माणसं त्या देशात उतरली. त्यांच्या नोंदी आज ऑनलाइन, घरबसल्या बघता येतात. मॉरिशसची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत; 1860 च्या दशकापासून पुढच्या कित्येक मजुरांचे तर फोटोही आहेत. फिजीचे पासही जपलेले आहेत.

गेलेल्यांत बहुसंख्य माणसं बिहार आणि अवधकडची. मॉरिशसचे मराठी बहुतेक कोकणातले. नागपूर-वऱ्हाडची नावं त्या मानानं थोडी. म्हणूनच आपल्याकडचं एखादं गाव त्या रकान्यात दिसलं, की ते सोडून देता कामा नये.

(दृश्य: नागपूर-वऱ्हाडचा इंग्रज काळातला नकाशा.)

पहिली अडचण जिल्ह्याची. पासवरचा जिल्हा आजच्या नकाशात असेलच असं नाही. ‘वूण’ म्हणजे आजचं यवतमाळ. ‘बासिम’ म्हणजे वाशीम आणि ‘एलिचपूर’ म्हणजे अचलपूर. हे दोन्ही पूर्वी स्वतंत्र जिल्हे होते, 1905 साली बासिम अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला, एलिचपूर अमरावतीत गेला. ‘चांदा’ लिहिलं असेल तर गडचिरोलीही बघावी लागते. वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरातून वेगळा झाला, त्याआधीचा हिंगणघाटचा माणूस नागपूरचाच म्हणून लिहिला जाणार. गावाच्या नावावर तर एकट्यानं विसंबूच नये. पिंपळगाव, बोरगाव, सावंगी कुठे नाहीत? ठाणं धरा. ठाण्याच्या हद्दीतली गावं मोजकी असतात.

(दृश्य: तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. लाल फडक्यातले गठ्ठे.)

इथून पुढचं काम विदर्भातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढायला ज्यांनी खेटे घातले, त्यांना हे गठ्ठे ओळखीचे आहेत. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू लिहीत असे. बाळाचं नाव बरेचदा नसतंच. अमक्याला मुलगा झाला, जात अमुक, इतकंच. काही पानं मोडीत आहेत, ती वाचणारा सोबत न्यावा.

पण जो गेला, तो या बुकात सापडणं कठीण. त्याचा जन्म बहुधा बुकाआधीचा, मरण समुद्रापलीकडचं. म्हणून त्याला शोधू नका. मागे राहिलेला त्याचा भाऊ शोधा. भावाला मुलगी झाली असेल, तापाच्या साथीत मुलगा गेला असेल, आई वारली असेल. त्या प्रत्येक वेळी कोतवालानं काही ना काही लिहून ठेवलं असणार. पासवर जवळच्या नातेवाइकाचाही रकाना असतो. तो वाचायला बहुतेक जण विसरतात, आणि तिथे कधी नेमकं या भावाचंच नाव असतं. पारावर अनोळखी पोराला म्हातारे पहिलं काय विचारतात? “कोनाचा व्हय बाप्पा तू?” शोध याच प्रश्नानं पुढे सरकतो.

(दृश्य: बंदोबस्ताच्या मिसलीचं पान.)

भावाच्या नावावर शेत असेल तर बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे जमीनमोजणी आणि साराआकारणीच्या जुन्या कागदांत, नाहीतर जुन्या अधिकार अभिलेखात माग लागतो. समाजाचा भाट अजून येत असेल तर त्याच्या पोथीतली वंशावळ ऐकून घ्या, लिहूनही घ्या. गया-प्रयागच्या पंड्यांच्या वह्या आहेतच. भाटाचं सांगणं मात्र कागदाशी ताडून बघावं लागतं. वंशावळीत मुली सहसा नसतात, आणि परागंदा झालेला मुलगाही पुढच्या पिढीत गळून जातो.

नुसतं नाव जुळलं म्हणून परदेशातल्या कुटुंबाला होकार कळवू नका. गणपत, लक्ष्मण, सखाराम गावोगाव होते. बाप, जात आणि ठाणं तिन्ही जुळू द्या. पासवरचं वय अंदाजानं लिहिलेलं, त्यात पाच-सात वर्षांचा फरक धरून चला. आणि तहसिलीत अर्ज कराल तेव्हा एका ओळीची नाही, पूर्ण पानाची नक्कल मागा. त्याच पानावर, चार ओळी खाली, दुसऱ्या भावाची नोंद असू शकते.